गुहेतला नेचा आणि त्याचा पत्ता

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण. बोलताना पुढेमागे झालेले लिहिताना जुळवून घेतले आहे.)



फळ्यावर विषय लिहिला आहे, 'चुनखडीच्या गुहा आणि नेचे'. तो वाचून दोघातिघांनी मला जिन्यातच गाठले. म्हणाले, काका, हे काय नवीन काढलेत? त्यांचे बरोबर आहे. दरवर्षी मी कामगार कायदा, प्रॉव्हिडंट फंड, नाहीतर घरांचा प्रश्न घेऊन उभा राहतो. पण या वेळी समितीने सांगितले की शाळा-कॉलेजातली मुले येणार आहेत, विज्ञानावर बोला. माझा पुतण्या बी.एस्सी. करतो आहे. त्याने काही शोधनिबंध छापून आणून दिले आणि मी डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर ते वाचले. गिरणीत साच्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात काय दिसले, ते सांगतो.

आधी नेचा म्हणजे काय ते बघू. इंग्रजीत त्याला फर्न म्हणतात. ज्यांचे गाव कोकणात आहे त्यांनी विहिरीत वाकून पाहिले असेल. आतल्या बाजूला, जिथे दगडातून पाणी झिरपते तिथे, काळ्या तारेसारख्या बारीक देठांची, नाजूक हिरव्या पानांची झालर लोंबत असते. तिला काही लोक हंसराज म्हणतात. तो नेचा. त्याला फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही. पान उलटे करून बघा, खाली तपकिरी ठिपके दिसतील. लहानपणी आपल्याला वाटायचे की पानाला कीड लागली. ती कीड नव्हे. प्रत्येक ठिपक्यात बीजाणू असतात, पिठासारखे बारीक. ते वाऱ्याने उडतात, ओलाव्यात पडले की रुजतात. पण रुजून लगेच नेचा होत नाही, हे लक्षात घ्या. आधी एक हिरवी चकती होते, नखाहून लहान, बहुधा बदामाच्या आकाराची. त्या चकतीवर नर-मादीचे भाग असतात, आणि नराची पेशी पाण्यातून पोहत मादीपर्यंत जाते. पाण्याचा पातळसा पापुद्रा असला तरी पुरतो, पण पाणी हवेच. तेव्हा कुठे खरे रोप उभे राहते. काही जातींनी ही पोहण्याची भानगडच सोडून दिली आहे. त्यांच्यात चकतीतून थेट रोप निघते. तरी ओलावा कुणालाच चुकत नाही.

आता चुनखडी. आपल्या महाराष्ट्रातल्या लेण्या, कान्हेरी म्हणा, कार्ले म्हणा, अजिंठा म्हणा, ह्या ज्वालामुखीच्या खडकात आहेत आणि माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या आहेत. मी आज ज्या गुहांबद्दल बोलतो त्या कुणी कोरलेल्या नाहीत. त्या पाण्याने केल्या. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, त्याने ते किंचित आंबट होते. ते चुनखडीच्या भेगांत शिरते आणि दगड विरघळवत जाते. भेगेची फट होते, फटीचे भुयार होते, भुयाराची गुहा होते. यात लाखो वर्षे जातात.

अशा गुहा जगात सर्वात जास्त जिथे आहेत त्यांतला एक मुलूख म्हणजे दक्षिण चीन. ग्वेइजौ, ग्वांगशी आणि युन्नान हे तिथले तीन प्रांत. तिथे चुनखडीचे डोंगर जमिनीतून सुळक्यासारखे वर आलेले आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात पोकळ्या. त्यातला काही भाग २००७ साली जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला, २०१४ साली त्यात आणखी भर पडली. तोच खडक सीमा ओलांडून उत्तर व्हिएतनाममध्ये जातो.

गुहेचे तीन भाग समजा. तोंडाजवळ उजेड. खूप आत मिट्ट काळोख, तिथे हिरवे काहीच जगत नाही. आणि या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, तिन्हीसांजेसारखा. तिथे वर्तमानपत्र वाचता येणार नाही, पण माणूस दिसेल. या पट्ट्यात वारा नाही, ऊन नाही, उन्हाळा-हिवाळा फारसा फरक नाही, आणि हवा कायम ओली.

गिरणीत काम केलेल्या माणसाला हे चटकन कळते. साचेखात्यात आम्ही दारे-खिडक्या बंद ठेवून हवेत पाण्याचे फवारे सोडायचो. बाहेरच्या माणसाला आत शिरल्यावर गुदमरायचे. पण हवा कोरडी झाली की सूत तुटते, आणि सूत तुटले की साचा थांबतो. आम्ही घामाने भिजायचो आणि सूत मजेत असायचे! त्या गुहेतल्या नेच्याचे तसेच आहे. ओली हवा हे त्याचे जगणे. बाहेर काढून उन्हात ठेवला तर करपून जाईल.

आता शोधाची गोष्ट. पॉलिस्टिकम नावाचे नेच्यांचे एक मोठे कूळ आहे. जगभरात त्याच्या सुमारे पाचशे जाती मोजल्या जातात. ग्रीक शब्द आहे, अर्थ 'अनेक ओळी', पानाखालच्या ठिपक्यांच्या ओळींवरून. प्रत्येक ठिपक्यावर एक इवलीशी छत्री असते, मधे दांडा आणि वर गोल झाकण. २००९ नंतरच्या काही वर्षांत दोन शास्त्रज्ञांनी, झांग लि-बिंग आणि हे हाय यांनी, दक्षिण चीनमधल्या चुनखडीच्या गुहांतून या कुळातल्या एकामागून एक नव्या जाती जगापुढे मांडल्या. झांग हे अमेरिकेतल्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनशी जोडलेले, हे हाय चोंगचिंगच्या विद्यापीठातले. एका जातीचे नाव ठेवले पॉलिस्टिकम स्पेलुन्सिकोला. लॅटिनमध्ये स्पेलुन्सिकोला म्हणजे गुहेत राहणारा. दुसरीचे पॉलिस्टिकम मिनुटिसिमम, म्हणजे अगदी लहान. ही ग्वेइजौमधल्या एका चुनखडीच्या गुहेतून आली. पॉलिस्टिकमचे पुष्कळ भाऊबंद हात-हात लांब पानांचे असतात. हा त्या घरातल्या अगदी धाकट्यांपैकी एक.

तुम्ही म्हणाल, एवढेसे रोप, ते नवीन आहे हे ठरवतात कसे? हा भाग मला सर्वात आवडला, कारण त्यात भिंग आहे. आमच्या तपासणी खात्यात कापडावर भिंग ठेवून एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचे. लांबून दोन कापडे सारखीच दिसतात. भिंगाखाली एक साठचे निघते, एक बहात्तरचे. हे लोकही तेच करतात. देठावर खवले असतात, त्यांचा आकार बघतात, कडेला दाते आहेत की सरळ आहे ते बघतात. पानाचे तुकडे मोजतात. ठिपके मधल्या शिरेजवळ की कडेजवळ ते बघतात. बीजाणूवरची नक्षी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मग पानातला डीएनए काढून इतर जातींशी ताडतात. एवढे करून वेगळे निघाले तर नाव. आणि नुसते नाव चालत नाही. त्या जातीचे एक वाळवलेले रोप कागदावर चिकटवून संग्रहालयात कायमचे ठेवावे लागते. त्याला टाइप म्हणतात. उद्या कुणी वाद घातला तर ते रोप काढून दाखवायचे. पूर्वी वर्णनही लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजी चालते. बरे झाले. ज्ञानाची भाषा मूठभरांपुरती ठेवली की काय होते, ते या सभागृहात मी सांगायला नको.

इथे एक गोष्ट बोलून ठेवतो. 'शोध लावला' हा शब्द जपून वापरला पाहिजे. त्या गुहा काही निर्जन नाहीत. ग्वेइजौमध्ये झोंगडोंग नावाची एक गुहा आहे, तिच्यात म्याओ जमातीची कुटुंबे घरे बांधून राहत आली, आत शाळासुद्धा होती; ती २०११ साली बंद झाली. असल्या मुलखातल्या माणसाच्या नजरेला गुहेतले हिरवे रोप पहिल्यांदा शास्त्रज्ञ आल्यावर पडले, असे कसे म्हणता येईल? रोप होतेच, बघणारेही होते. शास्त्रज्ञाने केले ते वेगळे काम. त्याने ते जगाच्या हजेरीपटावर घेतले. ज्याचे नाव पटावर नाही तो दिवसभर साच्यावर उभा असला तरी पगाराच्या दिवशी त्याला कुणी ओळखत नाही. बदली कामगारांना हे माहीत आहे.

एक-दोन गुहांची ही गंमत असती तर मी इतका वेळ घेतला नसता. ग्वांगशीच्या वनस्पती संस्थेतले वेइ यिगांग, वेन फांग आणि त्यांचे सहकारी, आणि लंडनच्या क्यू गार्डनचे अलेक्झांडर मनरो, यांनी मिळून बरीच वर्षे गुहा धुंडाळल्या. २०१८ साली त्यांनी हिशेब मांडला. ६१ गुहा, आणि त्यात वनस्पतींच्या ४१८ जाती. त्यांतल्या शेकडा सात जाती गुहेबाहेर कुठेच माहीत नाहीत. काही झाडे तर बाहेरच्या उजेडाच्या एक टक्क्याहून कमी उजेडात जगतात. गुहेत वटवाघळे आणि शेवाळ, याहून जास्त काय असणार, असे समजणाऱ्यांना हे उत्तर होते. ग्वांगशीतल्या फेंगशान जिल्ह्याच्या गुहांतून आपल्या खाजकुइलीसारख्या खाजऱ्या झाडांच्या नव्हे, पण ज्याला इंग्रजीत नेटल म्हणतात त्या कुळातली, न टोचणारी एक नवी वनस्पती २०१२ साली नोंदली गेली. तिच्याही नावात 'गुहेत राहणारी' हाच अर्थ आहे.

मागे बसलेल्या मावशींनी मघाशी खुणेने विचारले, उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा काढून जगणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी उत्तर आपल्या जवळच्या नेच्याचे देतो. जुन्या गिरण्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. जिथे पाइप गळतो तिथे त्या चुन्याच्या सांध्यातून लांब, पिसासारख्या पानांचा एक नेचा निघतो. मुंबईत सगळ्यांनी पाहिला आहे, नाव कुणाला माहीत नाही. शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. त्यालाही चुनाच आवडतो. आम्ही त्याला गवत समजून उपटत होतो. २००१ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात लीना मा या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा नेचा विषारी जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, आणि तरी मरत नाही. बंगालमध्ये बोअरच्या पाण्यातल्या आर्सेनिकने किती लोकांची कातडी आणि आयुष्ये गेली, ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. भिंतीतल्या गवताला हे जमते हे २००१ च्या आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. मग गुहेतल्या त्या धाकट्याला काय जमते, ते त्याच्यावर सुरुंग लावायच्या आधी बघायला नको का?

सुरुंग म्हटले, ते उगाच नाही. चुनखडी म्हणजे सिमेंट. एक टन सिमेंटला एक टनाहून जास्तच चुनखडी लागते. जगातले निम्मे सिमेंट एकटा चीन करतो, दुसरा नंबर आपला. आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात चुनखडीच्या खाणी आहेत. गिरण्यांच्या जागी जे चाळीस-चाळीस मजले उभे राहिले त्यात कुठला तरी डोंगर आहेच. मी सिमेंटच्या विरोधात नाही. आपल्या वस्तीला पक्की घरे पाहिजेत म्हणून मीच मोर्चे काढले आहेत. पण कुठला डोंगर फोडायचा, हे ठरवताना त्याच्या पोटात काय आहे ते आधी बघता येते. मलेशियात पहांग राज्यात बुकिट पांचिंग नावाची चुनखडीची टेकडी होती. खाणीने ती पूर्ण खाल्ली. तिच्यावर एक बारीक गोगलगाय होती, जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. २०१४ साली तिची नोंद 'नामशेष' अशी झाली. त्याच वर्षी त्याच देशात दुसऱ्या एका टेकडीवर नवी गोगलगाय सापडली. तिथे लाफार्ज या सिमेंट कंपनीची खाण होती. शास्त्रज्ञांनी काय करावे? गोगलगायीला कंपनीचेच नाव दिले, चारोपा लाफार्जी! म्हणजे ती मेली तर कुणाच्या नावाने मेली ते जगाला कळावे. मला हे फार आवडले. आमच्या युनियनला हे सुचले नसते.

खाणीखेरीज दुसरे संकट सहलीचे. ग्वांगशीत ग्वेलिन शहराजवळ एक प्रसिद्ध गुहा आहे, आत लाल-निळे-हिरवे दिवे. जगभर अशा दाखवायच्या गुहांत दिव्यांच्या भोवती बाहेरचे शेवाळ आणि बाहेरचेच नेचे उगवतात, जिथे कधी काही उगवले नसते तिथे. मग ते घालवायला ब्लीच मारतात. मूळचे जे अंधुक उजेडाचे रहिवासी, त्यांना ना दिवा मानवतो ना ब्लीच.

आणि तिसरे संकट सर्वात विचित्र आहे. ते शोधातूनच येते. १९९९ साली ग्वांगशीच्या चुनखडीच्या डोंगरांतून एक नवी पाल जाहीर झाली, पट्ट्यापट्ट्यांची, दिसायला देखणी. नियमाप्रमाणे निबंधात ठिकाण छापले. परदेशात पाली पाळणारे हौशी लोक असतात, एकेका पालीला हजारावर डॉलर मोजणारे. निबंधातला पत्ता वाचून पकडणारे तिथे पोचले. थोड्याच वर्षांत त्या मूळ जागेवर पाल उरली नाही. २००६ साली काही शास्त्रज्ञांनीच लिहिले की आपण दिलेले वर्णन हेच त्या प्राण्याला घातक ठरते आहे.

नेचे, ऑर्किड, बेगोनिया, यांचेही शौकीन आहेत. पाल निदान पळू तरी शकते. नेचा एका गुहेत, एका ओल्या भिंतीवर, मोजकी रोपे. एक माणूस पिशवी घेऊन गेला तर एका दुपारचे काम.

आता पेच बघा. नाव दिले नाही, नोंद केली नाही, तर खाणीचा मालक म्हणणार, इथे काय आहे, दगड आहे. सरकारी कागदावर ज्याचे नाव नाही त्याच्यासाठी कुठले कोर्ट स्टे देणार? आणि नाव दिले, पत्ता छापला, तर चोर वाट काढत येणार. वस्तीच्या सर्व्हेत आपण हेच भोगले आहे. सर्व्हेत नाव नाही तर घर नाही. आणि यादी बाहेर फुटली की दलाल दारात.

मी यावर बराच विचार केला. माझे मत स्पष्ट आहे. नाव द्यावे, वर्णन द्यावे, टाइप ठेवावा, पण गुहेचा पत्ता चारचौघांत छापू नये. हे शक्य आहे, कारण ते झालेले आहे. २०१५ साली त्याच ग्वांगशीतून पालींच्या आणखी दोन जाती जाहीर झाल्या. त्या शास्त्रज्ञांनी ठिकाण मुद्दाम गाळले, आणि गाळले आहे हे निबंधात सांगितले. माहिती सरकारी खात्यांकडे ठेवली, ज्याला खरे काम आहे त्याने तिथे मागावी. काही विद्वानांना हे पटत नाही. ते म्हणतात, विज्ञान उघडे पाहिजे, दुसऱ्याला जाऊन पडताळता आले पाहिजे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी स्वतः कुणी सांगितले म्हणून मानणारा नव्हे, पडताळा मागणारा माणूस आहे. पण पडताळायला टाइप संग्रहालयात आहे, डीएनए आहे, ज्याला गुहेतच जायचे त्याला खात्याकडे अर्ज करता येतो. पडताळा मागणे वेगळे आणि किल्ली दारावर टांगून ठेवणे वेगळे.

आणखी एक वाट आहे, लागवडीची. नेच्याचे बीजाणू गोळा करून बागेत वाढवता येतात. एका पानावर हजारो असतात, रोप उपटावे लागत नाही. गुहेतल्या ओल आणि उजेडाची नक्कल करायची, म्हणजे आमच्या साचेखात्यासारखीच खोली! बागेत रोपे भरपूर झाली तर चोरीचा भाव पडतो. पण डोंगर फुटला तर बागेतला नेचा अनाथालयातल्या पोरासारखा होतो, हेही खरे.

कॉलेजातल्या मुलांनी पुढे येऊन विचारले की आपल्याला असे काही बघता येईल का. चुनखडीच्या गुहेतला नाही, पण ओल्या दगडावरचा नेचा जरूर बघता येईल. पावसाळा ओसरत आला की कान्हेरीला, पाण्याच्या टाक्यांच्या आसपास, जिथे कातळातून पाणी झिरपते तिथे. पुतण्या बरोबर येणार आहे. बोरिवली स्टेशनवर सकाळी सात वाजता जमायचे, डबा आपापला. भिंग माझ्याकडे आहे, तपासणी खात्यातले. पान उलटे करून बघायचे आणि हलकेच सोडून द्यायचे. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथले काही तोडायला कायद्याने बंदी आहे. नावे सभा संपल्यावर समितीच्या ताईंकडे द्यावीत.